प्रतिध्वनीची साठवण

प्रतिध्वनी म्हणजे उशिरा परत आलेला ध्वनी, एवढी व्याख्या शाळेतल्या मुलासही ठाऊक असते. हवेतून ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. समोर १७ मीटरांवर भिंत असली आणि आपण टाळी वाजविली, तर आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत येण्यास सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो; आणि साधारण एवढे अंतर पडले म्हणजे आपला कान मूळ आवाज व परत आलेला आवाज हे दोन वेगळे आवाज म्हणून ओळखतो. अंतर फारच कमी असले तर दोन्ही आवाज एकजीव होऊन जातात. तेव्हा प्रतिध्वनी हवा असेल तर आवाज काही काळ कोठे तरी राहिला पाहिजे. निसर्गात तो हवेच्या पोकळीत राहतो. विजापूरच्या गोलघुमटाखाली मारलेली हाक पुनःपुन्हा परत येते, ती घुमटाखालच्या त्या अफाट पोकळीमुळेच. महंमद आदिलशहा १६५६ साली वारला. त्याच्या थडग्यावरील या इमारतीस लागलेला दगड, चुना आणि मजुरी विचारात घेतली, म्हणजे प्रतिध्वनी ही एके काळी किती महागडी वस्तू होती हे ध्यानात येते.

आज तीच वस्तू बोटाच्या पेराएवढ्या एका काळ्या चिपमध्ये बसली आहे. गावोगावच्या मांडवांतून लावलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘इको’ असे लिहिलेली जी खुंटी असते, तिच्यामागे पुष्कळदा अशीच एखादी चिप काम करीत असते. आवाज साठविण्याची ही कला घुमटापासून चिपपर्यंत कशी येऊन पोहोचली, आणि या प्रवासात तिने कोणाची सेवा केली, या दोन गोष्टींचा आम्ही येथे विचार करणार आहोत. दुसरा प्रश्न आम्हांस पहिल्याहून अधिक महत्त्वाचा वाटतो; कारण व्याख्यानाला आलेल्या श्रोत्याचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बोलणाऱ्याच्या दृष्टीने प्रतिध्वनी हा मूळचा शत्रू. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह उघडले, आणि त्यात व्याख्यान ऐकू येणे अशक्य आहे असे आढळले. उच्चारलेला शब्द तेथे साडेपाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. तेवढ्या वेळात सावकाश बोलणारा वक्तादेखील पुढची बारा-पंधरा अक्षरे उच्चारून मोकळा होई, आणि ती सारी अक्षरे एकमेकांवर आदळत. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम सोपविण्यात आले. त्यांनी जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री उचलून आणाव्या, त्या सभागृहात मांडाव्या, घुमारा किती कमी झाला ते मोजावे, आणि पहाट होण्यापूर्वी त्या परत पोहोचवाव्या, असा क्रम कित्येक रात्री चालविला. सभागृहाचे आकारमान आणि आवाज शोषून घेणारे पृष्ठभाग यांवरून घुमारा किती काळ टिकेल हे सांगणारे सूत्र त्यांतून निघाले, आणि १९०० साली उघडलेले बोस्टनचे सिंफनी हॉल त्याच सूत्राच्या आधारे बांधले गेले. वक्त्याचा शब्द श्रोत्याच्या कानी स्वच्छ पडावा, या एका साध्या गरजेतून एक शास्त्र उभे राहिले.

याच सुमारास आवाज साठविण्याचे साधनही जन्मास आले. डेन्मार्कचे वाल्डेमार पोल्सन यांनी १८९८ मध्ये पोलादी तारेवर चुंबकाच्या योगाने आवाज उमटविला आणि पुन्हा वाजवून दाखविला. तारेची जागा पुढे ध्वनिफितीने घेतली. या यंत्रात विलंब कसा दडलेला आहे, हे समजण्यास आपले रहाटगाडगे पुरे. विहिरीत बुडालेले गाडगे पाणी घेऊन वर येण्यास काही वेळ लागतो. हा वेळ माळेच्या गतीवर आणि तळापासून काठापर्यंतच्या अंतरावर ठरतो. फीतही अशीच फिरते. एका हेडखाली तिच्यावर आवाज लिहिला जातो. पुढे काही अंतरावर दुसरे हेड तो वाचते. फीत सेकंदाला साडेसात इंच धावत असेल आणि दोन हेडांत एक इंच अंतर असेल, तर आवाज सेकंदाच्या सुमारे साडेसाताव्या हिश्श्याइतका उशिरा येतो.

या विलंबाचा एक मोठा उपयोग झाला तो लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये. त्या प्रचंड मंदिरात दूरच्या बाकांवर बसलेल्यांना प्रवचन कळत नसे. दूरवर कर्णे लावावे तर वेगळीच अडचण येते. तारेतून वीज क्षणार्धात पोहोचते, पण वक्त्याचा आवाज हवेतून रमतगमत येतो. ३४ मीटरांवर बसलेल्या श्रोत्याला जवळच्या कर्ण्याचा शब्द आधी ऐकू येतो आणि तोच शब्द सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने समोरून पुन्हा येतो. म्हणजे ऐकू यावे म्हणून लावलेला कर्णाच नवा प्रतिध्वनी निर्माण करतो. यावर उपाय एकच: मागच्या कर्ण्याला तेवढा वेळ थांबवून ठेवणे. पार्किन आणि टेलर या दोघा संशोधकांनी फिरत्या चुंबकीय चाकावर आवाज लिहून तो निरनिराळ्या अंतरावरच्या हेडांनी वाचला, आणि जो कर्णा जितका दूर तितका त्याला उशिरा आवाज पुरविला. १९५२ साली या कामाचा वृत्तांत त्यांनी प्रसिद्ध केला.

या योजनेला जर्मनीतील हेल्मुट हास यांच्या प्रयोगांचा आधार होता. १९४९ साली गटिंगेन येथे सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी दाखवून दिले की, एकच शब्द दोन ठिकाणांहून किंचित पुढेमागे आला, तर जो आधी येतो त्याच दिशेने आवाज आला असे कान मानतो. मागून आलेला आवाज सेकंदाच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याच्या आत असला, तर तो काहीसा मोठा असूनही वेगळा जाणवत नाही, फक्त पहिल्याला बळ देतो. म्हणून मागच्या कर्ण्याला हवेतील अंतराहून आणखी थोडा विलंब द्यावा. म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसाला कर्णा आहे याची आठवणही राहत नाही, आणि वक्ता आपल्याशीच बोलत आहे असे वाटते. विलंबाचा यापेक्षा सात्त्विक उपयोग आम्हांस ठाऊक नाही.

गाण्याच्या क्षेत्रात मात्र विलंब निराळ्याच कारणासाठी आला. १९४७ साली शिकागोत बिल पटनम यांनी हार्मोनिका वाजविणाऱ्या एका वृंदाचे ध्वनिमुद्रण करताना स्टुडिओच्या स्नानगृहात कर्णा व माइक ठेवून तेथला घुमारा तबकडीत उतरविला. पुढे स्नानगृहाचीही गरज उरली नाही. इलिनॉय राज्यातील रे बट्स यांनी १९५०-६० च्या दशकाच्या आरंभी गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येच फितीचे यंत्र बसविले. मेंफिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी दोन मुद्रणयंत्रे एकमेकांस जोडून गाणाऱ्याच्या आवाजापाठोपाठ त्याची एक चटकन सावली उमटविली. १९५८ साली लंडनमध्ये चार्ली वॉटकिन्स यांचे ‘कॉपीकॅट’ आणि १९७४ साली जपानच्या रोलंड कंपनीचे ‘स्पेस इको’ बाजारात आले. छोट्या वाद्यवृंदालाही आता आपला घुमट पेटीत घालून गावोगाव नेता येऊ लागला. पण फीत झिजे, ताणली जाई, हेडांवर मळ साचे. प्रत्येक फेरीत आवाजातील वरचे सूर मंदावत. आश्चर्य असे की, हेच दोष पुढे रसिकांना गोड वाटू लागले, आणि फिरता एकही भाग नसलेली यंत्रे निघाल्यावर त्यांच्यातही हे दोष मुद्दाम आणले जाऊ लागले.

फिरता भाग प्रथम काढून टाकला हॉलंडमधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेतील सँगस्टर आणि टेअर यांनी. १९६९ साली त्यांनी जी रचना मांडली तिचे नावच मुळी ‘बादल्यांची रांग’ असे होते. आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांग धरतात आणि पाण्याची बादली हातोहात पुढे जाते. माणूस जागचा हलत नाही, पाणी मात्र पोहोचते. येथे माणसांच्या जागी बारीक कपॅसिटर, आणि पाण्याच्या जागी विद्युत्‌भार. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला भार एका खणातून पुढच्या खणात ओतला जातो. मात्सुशिता कंपनीच्या एमएन ३००५ या चिपमध्ये असे ४०९६ खण होते. घड्याळ सेकंदाला दहा हजार ठोके देत असले, तर आवाज या टोकापासून त्या टोकाला जाण्यास सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहून किंचित अधिक वेळ लागे. पण हातोहात जाताना पाणी सांडायचेच. हजारो खणांतून जाता जाता मूळ आवाज थोडा गढूळ होई आणि त्यात खरखर मिसळे.

पाणी सांडू नये यासाठी एकच युक्ती संभवते: पाणी पाठवूच नये, ते किती आहे याची चिठ्ठी पाठवावी. चिठ्ठी हातोहात हजार जणांकडून गेली तरी तिच्यावरचा आकडा बदलत नाही. ही अंकीय पद्धतीची मूळ कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याला १९३७ साली पॅरिसमध्ये टेलिफोनच्या कामात सुचली. आवाजाची लाट ठराविक ठोक्यांवर मोजावी आणि ती मापे शून्य व एक या दोनच चिन्हांत लिहून पाठवावी, असे त्यांनी मांडले. ठोके आवाजातील सर्वांत उंच सुराच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक असले, तर मधले काही हरवत नाही, हा सिद्धांत क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली स्पष्ट शब्दांत मांडून दाखविला. परंतु चिठ्ठ्या ठेवावयाच्या कोठे? १९७० साली इंटेल कंपनीने ११०३ ही स्मृति-चिप विकावयास काढली, तिच्यात १०२४ चिन्हे मावत. आणि तेवढीही त्या काळी मोठी मजल मानली गेली.

अंकीय विलंबयंत्राचा आरंभ एका रुग्णसेवेच्या कामातून झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक फ्रान्सिस ली यांनी हृदयाच्या ठोक्यांवर देखरेख ठेवण्याच्या कामासाठी अंकीय विलंबाची रचना केली होती. बॅरी ब्लेसर यांनी सुचविले की, याच्यातून संगीताचा आवाज पाठवून पाहावा. त्यातून १९७१ साली लेक्सिकॉन कंपनीचे ‘डेल्टा टी-१०१’ हे यंत्र बाहेर पडले. स्टुडिओंप्रमाणेच मोठ्या सभागृहांतील दूरच्या कर्ण्यांसाठीही अशी यंत्रे वापरात आली. सेंट पॉलमधले फिरते चाक जे काम करीत होते, ते आता काहीही न फिरता होऊ लागले.

मग हे महागडे यंत्र मांडवातल्या पेटीत कसे आले? त्याचे रहस्य काटकसरीत आहे. १९५२ साली फिलिप्सच्याच द यागर यांनी ‘डेल्टा’ पद्धतीचे विवेचन प्रसिद्ध केले होते. समजा, एक माणूस टेकडीवरून चालला आहे आणि त्याची वाट आपल्याला दुसऱ्या गावी कळवावयाची आहे. दर पावलाला तो समुद्रसपाटीपासून किती उंच आहे हे कळवीत बसले तर मोठमोठे आकडे पाठवावे लागतात. त्याऐवजी दर पावलाला ‘एक पायरी वर’ किंवा ‘एक पायरी खाली’ एवढेच कळविले तर? ऐकणारा त्या हाकांवरून टेकडीची आकृती काढू शकतो. चिन्ह एकच, पण हाका मात्र भराभर दिल्या पाहिजेत. चढण एकाएकी उभी आली तर हाकांना ती गाठता येत नाही, आणि सपाटी आली तर ‘वर, खाली, वर, खाली’ असा निष्कारण थरथराट होतो. आवाजातील विकृती आणि खरखर यांचे मूळ तेथेच आहे.

तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजी कंपनीची पीटी २३९९ ही चिप याच एकचिन्ही पद्धतीवर चालते. तिला १६ पाय असून ती ५ व्होल्टवर काम करते. आत आलेला आवाज प्रथम गाळणीतून जातो, म्हणजे फार वरचे सूर वगळले जातात. मग तुलना करणारा भाग आतापर्यंत काढलेली आकृती आणि प्रत्यक्ष लाट यांची तुलना करून ‘वर’ की ‘खाली’ हे ठरवितो. ते चिन्ह सुमारे ४४ हजार खणांच्या स्मृतीत लिहिले जाते. येथे पुन्हा आपले रहाटगाडगे येते: प्रत्येक खणातले जुने चिन्ह वाचून बाहेर काढावयाचे आणि त्याच खणात नवे चिन्ह ठेवावयाचे, फेरी पुरी झाली की पुन्हा पहिल्या खणाशी. बाहेर काढलेल्या चिन्हांवरून आकृती पुन्हा रेखाटली जाते, शेवटच्या गाळणीतून तिच्या पायऱ्या घासून गुळगुळीत होतात, आणि आवाज बाहेर पडतो.

विलंब किती हे माळेच्या गतीवरच ठरते. सहाव्या पायाला जोडलेल्या रेझिस्टरने आतल्या घड्याळाची गती बदलते. तेथे सुमारे साडेसत्तावीस हजार ओहम असले, तर घड्याळ सेकंदाला २० लाख ठोके देते आणि आवाज ३४० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याने, उशिरा येतो. ५०० ओहम असले तर ठोके २ कोटी २० लाखांवर जातात आणि विलंब ३१ मिलिसेकंदांवर येतो. ३४० मिलिसेकंदांचा नैसर्गिक प्रतिध्वनी हवा असेल तर भिंत सुमारे ५८ मीटर दूर पाहिजे. एक खुंटी फिरवून आपण ही भिंत हवी तेथे आणून ठेवतो. तीच खुंटी मांडवातल्या पेटीवर असते. तिच्या शेजारची दुसरी खुंटी, बाहेर आलेला आवाज पुन्हा किती आत सोडावा हे ठरविते. निम्मा सोडला तर प्रतिध्वनी अर्धा, पाव, अष्टमांश असा विरत जातो. सगळाच्या सगळा सोडला तर तो विरतच नाही. आणि त्याहून वाढविला तर सारे यंत्र आपल्याच आवाजाने ओरडू लागते.

पण काटकसरीची किंमत द्यावीच लागते. स्मृतीचे खण ठरलेले. विलंब वाढवावयाचा तर तीच ४४ हजार चिन्हे अधिक काळावर पसरावी लागतात. ३४० मिलिसेकंदांच्या विलंबाला सेकंदास सव्वा लाखाहून थोड्या अधिक हाका वाट्याला येतात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाने तेवढाच काळ साठवावयाचा म्हटले तर सुमारे २ लाख ४० हजार चिन्हे लागतील. ही चिप त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी जागेत भागविते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून विलंब जसा लांबवावा तसा आवाज जाडाभरडा होतो. गाण्यात हा जाडेपणा फारसा बोचत नाही. मूळ सुरामागे धूसर सावली पडावी तसा तो शोभूनही दिसतो.

अशा चिपांना मोठे गिऱ्हाईक मिळाले ते जपानातून निघालेल्या कराओकेच्या छंदामुळे. कोबे येथील दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली, गाण्याचा साथसंगीताचा भाग वाजविणारे आणि कोणाही हौशी माणसास गाऊ देणारे यंत्र तयार केले. हौशी गळ्याला प्रतिध्वनी फार कनवाळूपणे वागवितो. सूर थोडा हलला तरी मागचा प्रतिध्वनी त्यावर पांघरूण घालतो. तेव्हा आवाजाच्या पेटीत प्रतिध्वनी असणे ही गरजच होऊन बसली, आणि त्या पेट्यांबरोबर तो आपल्याकडेही आला. आज उत्सवाच्या मांडवात भजन म्हणणाऱ्या मंडळींना, लग्नातल्या वाद्यवृंदाला, शाळेच्या संमेलनात प्रथमच माइकपुढे उभ्या राहिलेल्या मुलीला तो बळ देतो. एके काळी बादशहाच्या घुमटाखाली उभे राहिल्याशिवाय न मिळणारा अनुभव गावातल्या कोणालाही मिळतो, ही गोष्ट आम्हांस मुळीच क्षुल्लक वाटत नाही.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. गाणे संपते आणि भाषणे सुरू होतात. पण खुंटी तशीच राहते. पुष्कळदा ती मुद्दाम राहू दिली जाते, कारण घुमणारा आवाज भारदस्त वाटतो आणि वक्त्याला तो आवडतो. याचा परिणाम काय होतो ते हिशेबानेच पाहावे. सामान्य माणूस बोलताना सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतो. प्रतिध्वनी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याने येत असेल तर प्रत्येक अक्षराची सावली पुढच्या एकदोन अक्षरांवर पडते, आणि ती पुनःपुन्हा आत सोडली असेल तर चार-पाच अक्षरांवर. पुढे बसलेले लोक वक्त्याच्या ओठांवरून तरी अर्थ लावतात. मागे उभा असलेला शेतकरी, कडेला बसलेल्या बायका, कमी ऐकू येणारा म्हातारा यांच्या वाट्याला केवळ गर्जना येते. सॅबाइन यांनी रात्र रात्र गाद्या वाहून सभागृहातला जो घुमारा घालविला, तोच आपण उघड्या मैदानावर पैसे मोजून परत आणतो.

सार्वजनिक सभेत शब्द कळणे ही सोयीची बाब नव्हे, तो श्रोत्याचा हक्क आहे. वक्ता काय म्हणाला हे ज्याला कळले नाही, तो त्याला प्रश्न विचारू शकत नाही, त्याच्याशी मतभेद दाखवू शकत नाही. तो फक्त टाळ्यांत टाळी मिसळू शकतो. ज्या वक्त्याला आपल्या म्हणण्याची तपासणी नको असते, त्याला घुमारा फार उपयोगी पडतो. म्हणून यंत्राची खुंटी कोणाच्या हाती आहे आणि ती कोणाच्या सोयीने फिरविली जाते, हा प्रश्न आम्ही केवळ तंत्रज्ञाचा मानत नाही.

यंत्राला यात दोष नाही. आवाज काही काळ थांबवून ठेवण्याची विद्या एकच आहे. सेंट पॉलमध्ये तिने मागच्या बाकावरच्या माणसाला शब्द दिला, आणि आपल्या मांडवात तीच कधी कधी त्याच्या तोंडचा घास काढून घेते. सभेची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यकर्त्यांनी दोन साध्या गोष्टी कराव्या. भाषण सुरू होण्यापूर्वी एकाने शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहावे, आणि शब्द न् शब्द कळतो की नाही ते हात वर करून सांगावे. आणि इकोची खुंटी शून्यावर आणावी. गाण्याला प्रतिध्वनी खुशाल द्यावा; भाषणाला द्यावयाचा तो नुसता विलंब, तोही मैदान मोठे असले तर मागच्या कर्ण्यापुरता.